जूनअखेरचं नवं-जुनं

माझ्या संशयी स्वभावाबद्दल आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. दूधवाल्याच्या मापात त्याचं बोट असतं, कंडक्टरच्या पिशवीत सुटे असतात पण तो देत नाही, आणि सभेत जो सगळ्यांआधी हात जोडतो त्याला सगळ्यांपेक्षा जास्त हवं असतं, असं मी धरूनच चालायचे. शाळेत मी बुककीपिंग शिकवायचे. ताळेबंद जुळला की मुलं हुश्श करायची आणि मी नेमकी तिथून सुरुवात करायचे. न जुळलेल्या ताळेबंदातली चूक कधी ना कधी सापडते. जुळलेल्यातली कोण शोधणार? मुलांना वाटायचं, बाईंना आनंद होतच नाही. तसं नव्हतं. आनंद व्हायचा, फक्त त्यावर माझा विश्वास बसायला वेळ लागायचा.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, अगदी उलट. दारात आलेला माणूस आधी पाणी पिऊन बसेल आणि मग काय ते बोलेल, एवढाच तिचा नियम. भाऊजी मनमाडला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ते अचानक गेले, तेव्हा आक्का चाळिशीचीही नव्हती. मूलबाळ नव्हतं. क्वार्टर सोडावं लागलं आणि ती माझ्याकडे नाशिकरोडला आली. मी लग्न केलेलं नव्हतं. कॉलनीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचे. कॉलनीत सगळी आपलीच माणसं, सकाळी नळावर जयभीम घालत उभी राहणारी. आक्का आठवड्याभरात सगळ्यांची आक्का झाली. मला शेजारच्या घरातल्या धाकट्या सुनेचं नावही तिच्याकडून कळलं.

रेल्वेकडून तिला जे पैसे मिळाले त्यांचं काय करायचं, हे तिनं मिळण्याआधीच ठरवलेलं होतं. स्वतःच्या नावावर एक प्लॉट, त्यावर दोन खोल्या आणि पुढं ओटा. माहेरी भावकीच्या घरात, सासरी नणंदांच्या घरात, मग सरकारी क्वार्टरात आणि आता बहिणीच्या भाड्याच्या खोलीत. ज्या घरातून कुणी ‘ऊठ’ म्हणू शकणार नाही असं घर तिला हवं होतं. पैसे थोडे कमी पडत होते. काही वर्षं ठेवले की वाढतील आणि पुरतील, असा हिशेब होता. तो मीच करून दिला होता.

कुठं ठेवायचे, हे मात्र मी ठरवलं नाही. ते ठरवलं ट्रकवाल्या भाऊंनी.

हे भाऊ सटाण्याकडच्या शेतकरी घरातले. घरची जमीन भावांकडे सोडून त्यांनी नाशिकच्या द्वारका चौकाजवळ ट्रान्सपोर्टचं ऑफिस टाकलं होतं. कांदा भरून त्यांचे ट्रक मनमाडच्या मालधक्क्यावर जायचे, तिथली भाऊजींची ओळख. भाऊजी गेल्यावर आक्काचं सगळं सामान त्यांनी आपल्या ट्रकमधून नाशिकला आणून दिलं आणि भाड्याचं नाव काढलं नाही. वर घरात आले, खुर्चीवर बसले, आक्कानं केलेला चहा प्यायले. आता हे सांगायला फार वाटत नाही. पण त्यांच्यासारख्या घरातला माणूस त्या काळी आमच्या कॉलनीत येऊन, आमच्या कपातून चहा पिऊन, ‘साखर कमी घाला ताई पुढल्या खेपेला’ म्हणून जातो, ही साधी गोष्ट नव्हती. आमची आई असती तर तिला हुंदकाच फुटला असता. मी मात्र खिडकीतून बघत राहिले, की बाहेर नळावर जाऊन चूळ भरतात का. नाही भरली. तरी मला वाटलं, कोपऱ्यावर गेल्यावर भरली असेल.

भाऊ ज्या बँकेचे सभासद होते ती गावातली सहकारी बँक. मोठी नाही, फार लहानही नाही. जिल्ह्यात चार-सहा शाखा, चेअरमन भाऊंच्या नात्यातले. भाऊंनी आक्काला शेअर घेऊन दिला, अर्जावर ओळख म्हणून सही केली आणि तिची सगळी रक्कम लांब मुदतीच्या ठेवीत घातली. व्याज राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा जास्त. जास्त का, हा माझा पहिला प्रश्न. भाऊ हसून आपल्या अहिराणी वळणानं म्हणाले, “आपली बँक शे, ताई. आपल्या माणसाला जास्त नाय देणार तर कोणाला?” आपली म्हणजे कुणाची, हा माझा दुसरा प्रश्न होता, तो आक्कानं डोळे वटारल्यामुळे राहून गेला.

ठेव झाल्यावर त्या बँकेचा वार्षिक अहवाल आमच्या घरी यायला लागला आणि मला एक व्यसनच लागलं म्हणा. सहकाराचं वर्ष तेव्हा तीस जूनला संपायचं. पावसाळा सरता सरता गुळगुळीत कव्हराचं पुस्तक यायचं. पहिल्या पानावर चेअरमन, मग संचालक, मग कुठल्याशा मंत्र्यांच्या हस्ते नारळ. सभासद फोटो बघायचे आणि लाभांश किती ते बघायचे. मी मागून सुरुवात करायचे.

बँकेची खरी किंमत किती, हे मला शोधून काढायचं होतं. शेअरवर छापलेली किंमत नव्हे. समजा उद्या सकाळी शटर ओढलं. ज्या लोकांनी ठेवी ठेवल्या त्यांचे पैसे व्याजासकट देऊन टाकले. वाटलेली कर्जं जेवढी वसूल होतील तेवढी केली, टेबल-खुर्च्या आणि तिजोरी विकली. सगळ्यांची तोंडं बंद झाल्यावर हातात काय उरतं? ती किंमत. आणि काही उरण्याऐवजी कमीच पडलं, तर ते कमी पडलेलं आक्काच्या प्लॉटमधून जाणार. एवढं साधं गणित मला दिसत होतं आणि बाकी सभासदांना दिसत नव्हतं, याचा मला राग यायचा.

सगळं अडायचं ते एका शब्दावर: वसूल होतील तेवढी. अहवालात थकबाकीचा आकडा नाममात्र असायचा. म्हणजे ज्यांनी कर्ज घेतलं त्या बहुतेकांनी वेळेवर फेडलं. ऑडिटचा वर्ग ‘अ’. वाचून समाधान व्हावं असं सगळं. पण दुसऱ्या वर्षीचा अहवाल आल्यावर मी दोन्ही शेजारी ठेवले, तिसऱ्या वर्षी तिन्ही, आणि मला कुठंतरी पाणी मुरताना दिसलं. कर्जाचा एकूण आकडा दरवर्षी वाढत होता आणि ती वाढ जवळपास कर्जावरच्या व्याजाएवढीच होती. दहा हजार घेतलेल्या माणसाकडून वर्षाला हजार व्याज झालं, तर अकरा हजार बँकेत येऊन पैसा हातात दिसायला हवा. इथं पैसा दिसत नव्हता, अकरा हजारांचं कर्ज दिसत होतं. पुढल्या वर्षी बारा हजारांचं. जणू बँक आपल्याच खिशातून काढून आपल्यालाच व्याज देत होती आणि त्याला नफा म्हणत होती, आणि त्या नफ्यातून आम्हाला लाभांश.

हे कसं जमतं ते मला स्वतः भाऊंनीच सांगितलं, आणि तेही काही न लपवता. मे महिन्यातली दुपार, ते माठातलं पाणी पीत बसले होते. मी आडून आडून विचारलं, की जूनमध्ये तुम्हा व्यापारी लोकांची फार धावपळ असते म्हणे.

“नवं-जुनं करनं पडतं ना, ताई,” ते म्हणाले. “कर्ज थकलं तर जून संपायच्या आत भरायला पाहिजे, नाय तर बँकेचं नाव खराब होतं. आपल्याकडं एवढे एकदम कुठून राहतील? मग इकडून तिकडून दोन दिवसांसाठी हातउसने घ्यायचे आणि भरून टाकायचे. बँकेतला साहेब लगेच नवं कर्ज मंजूर करतो. ते उचललं, की ज्याचे त्याला परत. बँकेचं काम झालं, आपलंबी झालं.”

“म्हणजे कर्ज फिटलंच नाही.”

“कागदावर तर फिटलं ना.”

“आणि हातउसने देणारा?”

“तो आपलाच माणूस राहतो. लग्नात नाय का आपण एकमेकांची भांडी नेत? तसं शे हे.”

आक्का मान हलवत होती. तिला हे पटलं होतं, कारण ते खरंच तसंच चाललेलं होतं. बाजारपेठेत जूनच्या शेवटच्या आठवड्यात निम्मं गाव निम्म्या गावाला पैसे देत असे. सोनाराकडे बांगड्या जायच्या, परत यायच्या. त्यात कुणाला लाज वाटत नव्हती. न देणाऱ्याचीच नाचक्की व्हायची. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी तर मोठ्या दिराच्या नवं-जुन्यासाठी पाटल्या दिल्या नाहीत म्हणून वर्षभर अबोला भोगला होता.

भाऊ गेल्यावर मी आक्काला बजावलं, “तुझ्याकडे कुणी कसल्या सह्या मागायला आलं तर आधी मला सांगायचं.” ती म्हणाली, “माझ्याकडे कोण येतंय मास्तरीणबाई?” आणि भाकरी थापायला बसली.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेला मी आक्काबरोबर गेले. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अलीकडच्या एका मंगल कार्यालयात सभा असायची. प्रत्येक सभासदाला चिवड्याचा पुडा आणि स्टीलचा डबा मिळायचा, त्यामुळे गर्दी भरपूर. बायका आठ-दहा, त्याही डब्यासाठी आलेल्या. मी स्वतः एक शेअर घेऊन ठेवला होता, फक्त बोलता यावं म्हणून. चेअरमनांनी ‘प्रश्न असल्यास’ म्हटलं आणि पुढल्या विषयाकडे वळणार तोच मी उभी राहिले. विचारलं, की आज ही बँक विकायला काढली तर तिचे किती येतील?

हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, “बँक काय म्हैस शे का इकाले?” चेअरमन सज्जनपणे हसले आणि म्हणाले, “ताई शिक्षिका आहेत, त्यांची जिज्ञासा योग्य आहे. पण बँक ही विकायची वस्तू नसते, ती विश्वासावर चालते.” टाळ्या. मी पुढं विचारलं, की थकबाकी नाही तर व्याजाचा पैसा रोख का दिसत नाही. तोवर चिवडा वाटायला सुरुवात झाली होती. आक्का माझा पदर ओढत होती. बाहेर आल्यावर तिनं मला सांगितलं, की भाऊ दोन रांगा पुढं बसले होते आणि त्यांनी मान खाली घातली. “त्यांना काय वाटलं असेल गं?” या एका प्रश्नानं ती घरापर्यंत हैराण होती. मला तिची चीड आली. माणसाला स्वतःच्या घरापेक्षा दुसऱ्याच्या तोंडावरचे भाव महत्त्वाचे कसे वाटतात, हे मला कधी कळलं नाही.

ठेव मोडून काढ, असं मी तिला पुन्हा पुन्हा म्हणायचे. मुदतीआधी मोडली तर व्याज कापलं जाणार होतं आणि प्लॉटला तेवढेच कमी पडणार होते. प्लॉट तिनं पाहूनही ठेवला होता, पाथर्डी फाट्याच्या बाजूला. एका शिंप्याचा होता आणि तो थांबायला तयार होता. एवढी वर्षं गेली, आता थोडक्यासाठी कशाला, असं ती म्हणायची.

ऐंशी साल उलटल्यानंतरची गोष्ट. बँकेची निवडणूक झाली आणि चेअरमनांचं पॅनेल पडलं. नवं पॅनेल ‘वसुली’ या एका शब्दावर निवडून आलं होतं. नवे चेअरमन वकील होते, बोलायला कमी, खादीबिदी नाही. जूनमध्ये काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. पावसाळ्यात भाऊ आले नाहीत. दर जुलैत ते आमच्याकडे कांद्याची एक गोणी टाकून जायचे. मी त्यातले नासके निवडून त्यांच्याबद्दल मत बनवायचे. त्या वर्षी गोणी आली नाही. मी आक्काला विचारलं, तर म्हणाली, धंद्यात मंदी असेल. मला बरंच वाटलं. म्हटलं, चेअरमन पडले तसा यांचा आमच्याशी असलेला संबंधही संपला.

मग अहवाल आला.

मी नेहमीसारखी मागून वाचायला लागले आणि थांबले. पुन्हा वाचला. जुने काढून शेजारी ठेवले. थकबाकी कमीच होती, पण या वर्षी बाकीचं सगळं तिच्याशी जुळत होतं. ट्रकवाले, दुकानदार, दलाल यांना दिलेल्या कर्जाचा आकडा पहिल्यांदाच खाली आला होता. त्याच्या जागी ठेवतारण कर्ज एकदम वर गेलं होतं. ठेवतारण म्हणजे आपलीच ठेव बँकेकडे गहाण ठेवून घेतलेलं कर्ज. यात बँकेला बुडण्याची भीतीच नसते; ऋणको आला नाही तर ठेव वळती करून घ्यायची, विषय संपला. म्हणजे बँकेनं धोक्याची कर्जं वसूल केली होती आणि सगळ्यांत पक्क्या जागी पैसा लावला होता. मी माझं ते शटर ओढायचं गणित मांडलं. या खेपेला शेवटी उरत होतं. चांगलं घसघशीत उरत होतं.

त्याच आठवड्यात बँकेचा शिपाई शाळेत निरोप घेऊन आला. नव्या चेअरमनांची विनंती होती, की अहवाल मंजुरीच्या ठरावाला या वर्षी बाईंनी अनुमोदन द्यावं. दरवर्षी प्रश्न विचारणाऱ्या सभासदानं अनुमोदन दिलं तर लोकांत चांगला संदेश जाईल. मी यातही काही खोट आहे का ते रात्रभर शोधलं असतं एरवी. पण मी ते आकडे स्वतः तपासले होते. मी हो म्हणून टाकलं.

संध्याकाळी आक्का दारात बसून मेथी निवडत होती. मी अहवाल घेऊन तिच्यापुढं बसले, अनुमोदनाचा निरोप सांगितला आणि उत्साहानं सगळं समजावून सांगू लागले. म्हटलं, “आता तुझी ठेव खरी सुरक्षित. आता बँक पहिल्यांदा तिच्या आकड्यांएवढी आहे. बघ, हे ठेवतारण बघ किती वाढलंय.”

तिचे हात थांबले.

“त्यातलं माझं आहे,” ती म्हणाली.

मला वाटलं, ती ठेवीबद्दल बोलतेय. मी म्हटलं, “हो, ठेवींमध्ये तुझी आहेच की.”

“ठेवीत नाही. ते कर्ज म्हणतेस ना, त्यात.”

मग ती सगळं बोलली, माझ्याकडे न बघता. दर जूनला भाऊ यायचे, मी शाळेत असताना. आक्का त्यांच्याबरोबर बँकेत जायची, ठेवीवर कर्ज काढून त्यांच्या हातात द्यायची. ते त्यातून आपलं थकलेलं कर्ज भरायचे, दोन दिवसांत नवं उचलायचे आणि आक्काचं कर्ज फेडून टाकायचे. कधी एक दिवस इकडचा तिकडे झाला नव्हता. कांद्याची गोणी त्याबद्दलच असायची. या जूनमध्येही तसंच केलं. साहेबानं “भरा, परवा मंजूर होईल” असं सांगितलं. भाऊंनी भरलं. परवा गेले तर नव्या संचालकांचा हुकूम आलेला होता: भरणा घ्या, नवं कर्ज देऊ नका. भाऊंचं कर्ज फिटलं होतं. आक्काचं उभं राहिलं होतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू करू दिलं नसतंस.”

“मग?”

“त्यांनी सामान आणून दिलं होतं गं,” ती म्हणाली. “आणि दुसऱ्या कुणाकडं मागायच्या आधी माझ्याकडं मागितलं. आपल्याकडं कोण येतं मागायला?”

संताप नेमका कुणाचा करायचा ते कळेना. ते आकडे खरे होते, आणि खरे होते ते माझ्या बहिणीच्या दोन खोल्या त्यात गेल्या म्हणून. भाऊंकडून न येणारं कर्ज बँकेनं माझ्या बहिणीच्या ठेवीवर बदलून घेतलं होतं. अशा अजून किती जणांच्या ठेवी त्या वाढलेल्या आकड्यात होत्या, कुणास ठाऊक. हे नव्या संचालकांनी ठरवून केलं, साहेबालाही आधी माहीत होतं, असा माझा आजही संशय आहे. पुरावा नाही. निवडणुकीत दिलेला शब्द त्यांनी पाळला, एवढंच दाखवता येतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी द्वारकेला भाऊंच्या ऑफिसात गेलो. बाहेर एकच ट्रक होता, तोही जॅकवर. भाऊ आम्हाला बघून उभे राहिले आणि उभेच राहिले. मी तोंड सोडलं. फसवणूक, पोलीस, वकील, जे सुचलं ते बोलले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “मी खाल्ले नाय, ताई. बँकेत भरले ते तर तुम्हालाबी दिसतंय. नवं कर्ज मिळालं नाय म्हणून दोन गाड्या विकल्या, त्यात पेट्रोलपंपाचे फिटले. तुमचे देईन. कवा देईन ते सांगता येत नाय.” त्यांचे डोळे भरले. ते अश्रू खरे की खोटे, हे मी निरखून बघत होते. आक्का म्हणाली, “भाऊ, पाणी प्या आधी.” मला तिला तिथंच हलवावंसं वाटलं.

पुढं दोनदा ते थोडे थोडे पैसे देऊन गेले, दारातूनच. मग ऑफिसला कुलूप लागलं आणि ते सटाण्याकडे गेले असं कळलं.

सभेला मी गेले. अनुमोदनासाठी माझं नाव पुकारलं गेलं, नावापुढं ‘जागरूक सभासद’ असंही लावलं. मी उभी राहून विचारलं, की वाढलेल्या ठेवतारण कर्जातलं किती कर्ज ठेवीदारांनी स्वतःच्या गरजेसाठी घेतलंय आणि किती दुसऱ्यांच्या थकबाकीत भरलं गेलंय, हे बँक सांगेल का? वकील चेअरमनांनी जराही न चिडता उत्तर दिलं, “सही ज्याची, कर्ज त्याचं. त्यानं त्या पैशाचं काय केलं हे विचारणं बँकेला शोभणार नाही.” सभागृहानं टाळ्या वाजवल्या. बरोबरच होतं ते. लाभांश वाढला होता, ऑडिटचा वर्ग ‘अ’ होता, आणि या वेळी तो खरोखरच ‘अ’ होता. अनुमोदन दुसऱ्या कुणीतरी दिलं. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत आक्कासारखे अजून कितीजण असतील, हे मी चेहरे बघून ओळखायचा प्रयत्न केला. ओळखता आलं नाही.

ठेवीची मुदत संपली तेव्हा बँकेनं कर्ज आणि त्यावरचं व्याज वळतं करून घेतलं. उरलं ते आणायला आक्का आली नाही. तिनं सहीचा कागद माझ्याकडे दिला आणि मी गेले. शिंप्यानं प्लॉट एव्हाना दुसऱ्याला दिला होता. त्यानं वाट बघितली त्याहून जास्त कुणी बघत नाही.

घरी येऊन मी पाकीट तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते उघडलं नाही. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, “एक विचारू? त्यांनी अनुमोदनाला तुलाच का बोलावलं होतं?”

मी म्हटलं, “सांगितलं ना तुला तेव्हा. मी प्रश्न विचारायचे म्हणून.”

“आणि तू हो म्हणालीस. तुझा तर कुणावर विश्वास नसतो. तुला आधी माहीत होतं का? त्यांनी तुला काही देतो म्हणून सांगितलं होतं का? मी रागावणार नाही. खरं सांग.”

मी सगळं सांगितलं. अहवाल, जुने अहवाल, शिपाई, कोणत्या दिवशी काय. क्रमवार, एकही गोष्ट न गाळता. ती मान हलवत ऐकत होती आणि मला दिसत होतं, की ती माझ्या बोलण्यात खोट शोधतेय. कुठं अडखळते, कुठं नजर वळवते, काय दोनदा सांगते. लोकांचं बोलणं मी आयुष्यभर असंच ऐकलं होतं. पण माझं बोलणं असं कुणी ऐकलेलं मला पहिल्यांदाच दिसत होतं. माझी बहीण जरा सावध व्हावी असं मला इतकी वर्षं वाटायचं. आता ती झाली होती, आणि घरात संशय घ्यायला मीच तेवढी होते.

“बरं,” ती शेवटी म्हणाली.

मी खरं बोलत होते. ते तिला पटवून द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. तिनं पाकीट उचललं, आत गेली आणि आतून कडी लावली.